रोमन नाण्यांसाठी एक चौक

सर्जापूर रोडवर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या कित्येक गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारी रोमन धाटणीचे खांब दिसतात. खांब विटांचे, त्यांच्या माथ्यावर प्लास्टरची पाने, मध्ये कारंजे आणि संकुलाचे नाव एखाद्या इटालियन गावावरून उचललेले. घर घेणाऱ्यास त्यातून काहीतरी जुने, भारदस्त आणि दूरचे मिळाल्याचे समाधान लाभत असावे; त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ज्या रोमची ही नक्कल आहे, त्या रोमची अस्सल चांदी येथून आठ-दहा किलोमीटरवर, एचएएलच्या परिसरात, १९६५ साली जमिनीतून निघाली होती, हे या संकुलांत राहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे? अडीचशेच्या आसपास चांदीची नाणी होती. त्यांवर ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या सम्राटांचे मुखवटे होते. २००८ च्या मे महिन्यापर्यंत बंगळूरला विमानाने येणारा प्रत्येक माणूस त्याच परिसरात उतरत असे.

तो एकच साठा नव्हता. त्याआधी १८९१ साली, शहराच्या दुसऱ्या टोकाला यशवंतपूर येथे रेल्वेच्या खोदकामात अशीच दीडशेहून अधिक नाणी सापडली होती. चित्रदुर्गाजवळच्या चंद्रवळ्ळी येथे तर रोमन नाणी सातवाहनांच्या नाण्यांच्या सोबतीने मिळाली आहेत. १९४७ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे उत्खनन केले ते मुख्यतः याच कारणासाठी, कारण ज्या नाण्यावर सम्राटाचे नाव आहे ते नाणे मातीच्या थराला तारीख देते. दक्षिण भारताच्या प्राचीन इतिहासाचा कालक्रम बसवण्यात या परक्या नाण्यांचा वाटा फार मोठा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करून टाकावी. बंगळुरात रोमन लोकांची वसाहत होती, असे या नाण्यांवरून सिद्ध होत नाही. नाणे पोचले म्हणजे ते पाडणारा पोचला असे नव्हे. मलबार किनाऱ्यावरून पालघाटच्या खिंडीतून कोइमतूरकडे आणि तेथून पठारावर ही चांदी व्यापाऱ्यांच्या हातांहातांतून आली असावी, असे मानण्यास आधार आहे. रोमन चांदीचे सर्वाधिक साठे कोइमतूरच्याच पट्ट्यात मिळाले आहेत. ती येथे चलन म्हणून चालली की वजनावर मोजली गेली, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र एक निरीक्षण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास विशेष रुचेल असे आहे. इ. स. ६४ मध्ये सम्राट नीरोने चांदीच्या नाण्याचे वजन आणि कस दोन्ही घटवले. भारतात मिळणाऱ्या रोमन चांदीत बहुसंख्य नाणी त्याच्या आधीची, ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या काळातली, आणि तीही ठरावीक दोन-तीन छापांचीच आहेत. हलके नाणे घरी खपवायचे आणि कसदार नाणे पारखून घेणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याला द्यायचे, हा ग्रेशमचा नियम ग्रेशमच्या दीड हजार वर्षे आधी अमलात होता. आपला व्यापारी चोखंदळ होता, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

प्लिनी या रोमन लेखकाने तक्रार केली आहे की भारत दरवर्षी साम्राज्याकडून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक डेनारियस, म्हणजे सव्वा कोटी डेनारियस. एकाचे वजन पावणेचार ग्रॅमच्या आसपास धरले तर ही रक्कम सुमारे ४७ टन चांदीच्या बरोबरीची होते. (सगळे चांदीतच दिले जात होते असे नाही, सोने आणि माल यांचाही त्यात वाटा होता.) हा आकडा अतिशयोक्त आहे असे बराच काळ मानले जाई. परंतु व्हिएन्ना येथे असलेला आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक पपायरस आहे. त्यात मुझिरिसहून निघालेल्या ‘हर्मापोलॉन’ नावाच्या एका जहाजावरील मालाची किंमत सुमारे सत्तर लाख सेस्टर्स येते. एका जहाजाची ही गोष्ट. त्या मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घेत असे. अर्थात प्लिनी रडत असला तरी त्याच्या खजिन्याचा अधिकारी रडत नव्हता. महसुलाच्या कामाशी संबंध आलेल्या वाचकास हे वेगळे सांगावयास नको.

आता मुद्द्याकडे येतो. माझे म्हणणे असे की सर्जापूर रोडच्या परिसरात या नाण्यांसाठी एक सार्वजनिक चौक आणि त्याला जोडून एक लहानसे संग्रहालय-उद्यान असावे. ही मागणी शहराच्या शोभेसाठी नाही, आणि पर्यटनासाठी तर मुळीच नाही. पुरावस्तूंविषयीचे आपले कायदे ज्या एका जागी हमखास लंगडे पडतात, त्या जागी असा चौक उपयोगी पडेल, हे तिचे कारण आहे.

ती जागा म्हणजे खोदणाऱ्याचा हात. सर्जापूर रोडवर आज जेवढी जमीन उकरली जात आहे तेवढी गेल्या दोन हजार वर्षांत मिळून उकरली गेली नसेल. तळघरांसाठी तीन-तीन मजले खोल खड्डे होतात. आपला १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती कडक आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियमन. पण हे सारे देशातील सुमारे ३,७०० केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या भोवती. ज्या शेतावर कोणतेही स्मारक उभे नाही, ज्याच्या पोटात मडके आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, त्या शेताला हा कायदा स्पर्श करीत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा नोंदणी करावयास सांगतो आणि निर्यातीस बंदी करतो. त्याचा अंमल वस्तू कोणाच्या तरी हाती आल्यानंतर सुरू होतो. उरतो तो गुप्तधनाचा कायदा, म्हणजे १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट.

हा कायदा मुळातून वाचण्याजोगा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जमिनीत सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे तो सांगतो. मालक निघाला नाही, तर सापडणारा आणि जमिनीचा मालक यांच्यात तीन-चतुर्थांश आणि एक-चतुर्थांश अशी वाटणी करण्याची त्यात तरतूद आहे, ती सापडणाऱ्याच्या बाबतीत उदारच म्हणावी लागेल. परंतु सरकारला ते धन स्वतःकडे ठेवावयाचे असेल, तर भरपाई कशी मोजावयाची? धातूची किंमत आणि तिच्यावर एक-पंचमांश. कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा स्वतंत्र कायदा आहे. तपशील वेगळे आहेत, पण कळवण्याचे दायित्व तेथेही सापडणाऱ्यावरच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो ते पाहा. पावणेचार ग्रॅम चांदी आणि तिच्यावर वीस टक्के, ही रक्कम कोणत्याही वर्षीच्या भावाने किरकोळच. तेच नाणे नाण्यांच्या बाजारात त्याच्या कित्येक पट किमतीला विकले जाते. शिवाय कळवल्यास काम थांबण्याची भीती, ठेकेदाराचा रोष आणि कचेरीच्या खेपा. न कळवल्यास काहीच नाही, कारण कोणी पाहिलेले नाही. अशा स्थितीत जेसीबी चालवणाऱ्या, रायचूर किंवा बिहारमधून आलेल्या मजुराने कायदा पाळावा अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्याकडून आपण स्वतः दाखवणार नाही एवढ्या त्यागाची अपेक्षा करणे होय. इंग्लंडने १९९६ च्या कायद्याने ही गाठ सोडवली: संग्रहालयास वस्तू हवी असेल तर तिची बाजारभावाने किंमत एक स्वतंत्र समिती ठरवते आणि ती रक्कम शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटली जाते. तेव्हापासून तेथे वस्तू कळवण्याचे प्रमाण फार वाढले. आपल्याकडे ही दुरुस्ती कधीतरी व्हावी, पण कायदादुरुस्तीची वाट पाहात बसण्याची सवय आपल्या नोकरशाहीला पुरेशी आहे. तोवर काही करता येईल काय?

करता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर. पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या अंतरावर, असे त्या ग्रंथात त्याचे स्थान दिले आहे, आणि तेथील कापड गाड्यांवर लादून भडोचला जात असे, असेही नोंदवले आहे. या गावच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यानंतर मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्या वर येत. गुराख्यांच्या आणि मुलांच्या हाती पडणाऱ्या या वस्तू रामलिंगअप्पा लामतुरे या व्यापारी गृहस्थांनी वर्षानुवर्षे जमवल्या, जपल्या आणि अखेरीस तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. वीस हजारांहून अधिक वस्तू! त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी अभ्यासक करतात. पॉम्पेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे तेथील मूर्ती त्याआधीची. तिची घडण भारतीय आहे, आणि तशाच धाटणीची मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही मिळाली.

लामतुरे यांच्याकडे कायद्याचा अधिकार नव्हता आणि पुरातत्त्वाची पदवीही नव्हती. त्यांच्यामुळे गावात घडले ते एवढेच की मातीतून वर आलेली चमत्कारिक वस्तू टाकून द्यावयाची नसते, ती नेऊन दाखवण्याची एक जागा आहे, हे गुराख्याच्या पोरालाही कळले. माझ्या मते पुरावस्तूंच्या संरक्षणाची ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक यंत्रणा आहे. तेर हे खेडे आहे, तेथे एक माणूस पुरला. सर्जापूर रोडवर, जेथे शेजारच्या फ्लॅटमधला माणूस ओळखीचा नसतो, तेथे माणसाचे हे काम एखाद्या जागेने करावयास हवे.

जागा हे काम कसे करते हे कोल्हापुरात पाहता येते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४-४५ मध्ये प्रा. कुंदनगार यांना तेथे काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला आणि पाठोपाठ डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. त्या साठ्यात समुद्रदेव पोसिडॉनची वीतभरही नसलेली एक काशाची मूर्ती होती, इटलीत घडवलेला काशाचा चंबू होता, आरसा होता. समुद्रापासून सह्याद्रीच्या पलीकडे, घाटमाथ्यावरच्या एका गावी समुद्राचा देव! तो तेथे कोणी पुजला असेल, की मोडीच्या भावाने तांबटाकडे आला असेल, की कोणा सावकाराने हौसेने घरात ठेवला असेल, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. कार्ल खंडालावाला यांनी १९६० च्या सुमारास आणि पुढे अमेरिकन अभ्यासक रिचर्ड डी पुमा यांनी १९९१ साली या काशाच्या वस्तूंवर स्वतंत्र लेख लिहिले.

प्रशासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ब्रह्मपुरीत निघालेल्या वस्तूंसाठी कोल्हापुरातच १९४६ साली संग्रहालय सुरू झाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलच्या इमारतीत आले. चार्ल्स मँटने आखलेली, १८७० च्या दशकात बांधलेली ही गॉथिक वळणाची वास्तू एका बागेच्या मध्यभागी उभी आहे. बागेत जुने वृक्ष आहेत, त्यांवर वटवाघळे लटकलेली असतात, समोर सीपीआर रुग्णालय आहे. रुग्णाचे नातेवाईक भाकरीचे गाठोडे घेऊन त्या सावलीत बसतात. भाऊसिंगजी रोडवरून जाणारा माणूस उन्हात क्षणभर टेकतो. पोसिडॉन त्यांच्यापासून पन्नास पावलांवर आहे. मूर्ती मुंबईच्या किंवा दिल्लीच्या भव्य दालनात गेली असती तर अधिक लोकांनी पाहिली असती, हे खरे. पण जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने, सरकारी कामाला आलेल्या पाटलाने, दुपारची शाळा चुकवलेल्या पोराने ती पाहिली नसती. आणि पुढचा नांगर कोणाच्या हाती असतो? त्यांच्याच. बागेतच त्या मूर्तीची मोठी प्रतिकृती आणि ब्रह्मपुरीचा एक नकाशा उभा राहिला, तर आत न शिरणाऱ्यांपर्यंतही ही गोष्ट पोचेल, असे मला वाटते. पण बाग आणि संग्रहालय यांची ही जोडी मुळात योग्य आहे.

बंगळूरचे सरकारी संग्रहालय कोल्हापूरहून जुने आहे. कब्बन पार्कच्या कडेची त्याची तांबडी इमारत १८७७ ची. मूळ नाणी जेथे सुरक्षित राहतील तेथेच राहावीत. मी म्हणतो त्या चौकात प्रतिकृती पुरेत. चांदीची खरी नाणी उघड्यावर मांडून त्यांच्यासाठी शस्त्रधारी पहारेकरी नेमणे म्हणजे पुन्हा लोकांना दूर ठेवणे.

खाजगी बांधकाम आणि प्राचीन अवशेष यांचे वैर असावेच लागते, असे नाही. लंडनमध्ये १९५४ साली एका कार्यालयाच्या पायाखाली मिथ्र देवतेचे रोमन मंदिर सापडले. ते पाहण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. तरीही ते उचलून १९६२ मध्ये शेजारच्या एका वाहनतळाच्या माथ्यावर मांडण्यात आले, आणि तेही चुकीच्या पद्धतीने. पुढे ब्लूमबर्ग कंपनीने ती जागा मुख्यालयासाठी घेतली, अवशेष मूळ स्थळापाशी, जमिनीखाली पुन्हा रचले आणि २०१७ पासून ते लोकांना विनामूल्य खुले केले. अथेन्सच्या मेट्रोत सिंटाग्मा स्थानकावर खोदकामात निघालेल्या वस्तू प्रवाशांच्या वाटेवरच काचेमागे आहेत. थेस्सालोनिकीत तर मेट्रोचे काम प्राचीन रस्त्यामुळे वर्षानुवर्षे रखडले, शहर त्रासून गेले. २०२४ च्या नोव्हेंबरात ती मेट्रो सुरू झाली तेव्हा तोच रस्ता स्थानकाचे भूषण ठरला. मात्र तो रस्ता एकदा उचलून पुन्हा बसवला, याबद्दल तेथील अभ्यासकांचा राग गेलेला नाही. ही भांडणेही चौकात झाली पाहिजेत, असे मी मानतो.

सर्जापूर रोडचे काय? हेब्बाळ ते सर्जापूर या ३६ किलोमीटरहून लांब मेट्रो मार्गास राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्या मार्गाच्या एखाद्या स्थानकापुढील मोकळी जागा या कामास उत्तम. ते जमले नाही तर दुसरा मार्ग आहे. बंगळूर विकास प्राधिकरणाच्या कायद्यानुसार वसाहतीच्या आराखड्यात किमान १५ टक्के क्षेत्र उद्याने आणि मैदानांसाठी आणि आणखी किमान १० टक्के नागरी सोयींसाठी राखून ठेवावे लागते. अर्धा-एक एकर जमीन या तरतुदीतून मिळणे अशक्य नाही. पैशाचे म्हणाल, तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय वारशाचे संरक्षण हा सामाजिक दायित्वाच्या खर्चाचा मान्य विषय आहे, आणि या रस्त्यावर कंपन्यांची वाण नाही.

खरी अडचण उभारणीची नाही, देखभालीची आहे. उद्घाटनाचा दगड चकचकीत आणि दोन वर्षांत कारंजे कोरडे, हा अनुभव देशभरचा आहे. उभारणीचा खर्च एका शीर्षाखाली येतो आणि माळ्याचा पगार दुसऱ्या. पहिल्यासाठी पाहुणे मिळतात, दुसऱ्यासाठी टिपणी लिहावी लागते. म्हणून माझी सूचना अशी की देणगीदाराकडून बांधकामाच्या रकमेएवढाच एक निधी आरंभीच ठेव म्हणून घ्यावा आणि व्याजातून माळी, विजेचे बिल आणि एक अर्धवेळ मार्गदर्शक यांचा खर्च भागवावा. तेवढे देण्यास जो तयार नसेल त्याचे नाव पाटीवर लावू नये. याच रस्त्यावरचे कैकोंड्रहळ्ळी तळे २०१० च्या सुमारास महापालिका आणि रहिवासी यांनी मिळून पुन्हा जिवंत केले. सकाळी तेथे फिरणाऱ्यांची गर्दी असते. २०१८ साली हेब्बाळ भागात सांडपाण्याच्या कामात उघड्यावर आलेला, आठव्या शतकातला कित्तय्याचा वीरगळ नागरिकांनीच वाचवला आणि त्याच्यासाठी वर्गणीतून मंडप उभारला. या शहरातील लोकांना सार्वजनिक वस्तू सांभाळता येत नाहीत, हे म्हणणे मला मान्य नाही. त्यांना ती आपली आहे हे सांगणारे कोणी असत नाही, एवढेच.

चौकात काय असावे यापेक्षा काय नसावे हे आधी ठरवलेले बरे. प्लास्टरचे खांब नसावेत. ते या रस्त्यावर पुरेसे झाले. सम्राटाचा पुतळा नसावा. ऑगस्टसने बंगळूर पाहिले नव्हते, आणि येथे कौतुक व्हावयाचे ते त्याचे नव्हे. असावी ती एक मोठी तागडी, जिच्या एका पारड्यात शाळेच्या मुलांनी नीरोच्या आधीचे आणि दुसऱ्यात नंतरचे नाणे टाकून पाहावे. सावलीच्या झाडांवर मिरवेल चढवावा, कपाशीचा वाफा असावा, तमालपत्राचे झाड असावे, म्हणजे रोमन लोक ज्यासाठी चांदी मोजत होते ते डोळ्यांपुढे येईल. जमिनीत एक नकाशा बसवावा: मुझिरिस, कोइमतूर, बंगळूर, चंद्रवळ्ळी, कोल्हापूर, तेर, पैठण, भडोच. मुलांना त्यावरून चालता आले पाहिजे. आणि फलकावरची पहिली भाषा कन्नड असावी, दुसऱ्या नंतर.

‘इथे प्यायला पाणी टँकरने येते आणि तुम्हाला रोमन नाणी सुचतात,’ असे एका स्नेह्यांनी मला ऐकवले. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. इब्बलूरच्या चौकात रोज तासभर अडकणाऱ्या माणसाला इतिहासाची गोडी लावणे कठीण आहे. परंतु पाण्याचा खर्च आणि या चौकाचा खर्च यांची तुलनाच होऊ शकत नाही. चौक न केल्याने एकही टँकर वाढणार नाही. उलट पाणी आज ना उद्या आणता येईल. तळघराच्या खड्ड्यातून निघून सोनाराच्या मुशीत गेलेले नाणे परत आणता येत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांशी याचा काय संबंध, असे कोणी विचारील. बंगळुरातील मराठी माणूस शहराच्या इतिहासाबद्दल बोलू लागला की बहुधा शहाजीराजांपासून सुरुवात करतो आणि तेथेच थांबतो. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, हे अभिमानाने सांगावेच. पण ज्या भूमीत आपण घरे घेतली, मुले वाढवली, तिच्याशी नाते जोडण्यास आपल्या माणसाचे नाव तिच्यात सापडलेच पाहिजे, ही अट का? सातवाहनांचे पैठण आणि चंद्रवळ्ळी एकाच व्यापाराच्या जाळ्यात होती, तेव्हा आजच्या सीमा नव्हत्या आणि आजच्या भाषाही या रूपात नव्हत्या. बाजारात आपण सहज ‘दाम’ म्हणतो, तो शब्द ग्रीकांच्या द्राख्मावरून आला, आणि संस्कृतातला ‘दीनार’ या डेनारियसवरूनच. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून मंडळे एखाद्या वर्षी असा एक फलक किंवा मुलांसाठी एक सहल करू शकतील. कन्नड शेजाऱ्यांच्या सोबतीने केली तर अधिक बरे.

चौकाच्या फलकाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. कन्नड अनुवाद सहकाऱ्याने करून दिला. तो असा: ‘येथून जवळच, १९६५ साली, सुमारे अडीचशे रोमन चांदीची नाणी सापडली. ती येथील मालाच्या मोबदल्यात समुद्रापलीकडून आली असावीत. ती कोणी पुरली आणि तो परत का आला नाही, हे कोणालाही ठाऊक नाही. जमीन खणताना तुम्हाला नाणे, मडके, मणी किंवा कोरलेला दगड आढळला, तर तो हलवू नका. काम थोडे थांबवा, छायाचित्र घ्या आणि खालील क्रमांकावर कळवा. तुमचे नाव या फलकावर लिहिले जाईल.’